तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा त्याच बेटावर?

प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो, पण असतो एकच. मंडळाच्या गणपतीत भेटणारे म्हणतात, "यंदाही मॅकिनॉच का? मुलं मार्गी लागली, युरोपला वगैरे जा की आता." पुण्याहून वन्सं विचारतात, "तिथंच परत जाववतं कसं गं तुम्हाला?" पहिल्या प्रश्नात थट्टा आहे, दुसऱ्यात नाही. आजवर दोघांनाही मी "आवडतं आम्हाला" एवढंच सांगत आले. त्याने कुणाचं समाधान होत नाही आणि माझं डोकं मात्र फिरतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी सोपं उरकते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉइटकडून आय-७५ महामार्ग धरून साडेचार तास वर जायचं, मॅकिनॉ सिटीला गाडी लावायची आणि फेरीबोटीत बसायचं. पलीकडे ह्युरॉन सरोवरातलं हे मॅकिनॉ बेट. बेटावर मोटार नाही. मोटारीला घोडे बुजतात अशी टांगेवाल्यांची तक्रार आली म्हणून १८९८ साली गावाच्या कौन्सिलने बंदी घातली, ती अजून आहे. फोर्ड कंपनी निघाली १९०३ मध्ये. म्हणजे डेट्रॉइटचा धंदा नीट उभाही राहिला नव्हता, तेव्हाच त्याच राज्यातल्या एका गावाने त्याला नको म्हणून सांगितलं होतं. माझा नवरा आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकवर काम करत आलाय. "ब्रेकवाला ब्रेक घ्यायला निघाला" हा विनोद मंडळात करून झालेला आहे, कृपया नवीन शोधा.

उन्हाळ्यात तिथे पाचशेच्या वर घोडे असतात. माणसं, हॉटेलचं सामान, कुरिअरची खोकी, कचरासुद्धा घोडागाडीतून जातो. रुग्णवाहिका, आगीचा बंब असे मोजकेच अपवाद. हो, आणि २०१९ साली उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आठ गाड्यांचा ताफा घेऊन आले होते. नवरा अजून तो विषय निघाला की चिडतो. "१९७५ साली जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष असताना आले होते, ते बग्गीतून फिरले!" माणूस गाड्यांवर पोट भरतो आणि चिडतो असा. मी मध्ये पडत नाही.

"करता काय चार दिवस?" सायकल चालवतो. बेटाभोवती आठ मैलांचा रस्ता आहे, एम-१८५. सरकारदरबारी तो राज्य महामार्ग आहे, फक्त त्यावर मोटार चालत नाही. एका बाजूला गोट्यांचा किनारा, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे कडे आणि झाडी. मध्ये थांबून डब्यातले पराठे खातो. संध्याकाळी बाकावर बसून लांबचा मॅकिनॉ पूल बघतो. झालं. यात सांगण्यासारखं काही नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच तर मी सांगत नव्हते.

आणि फार गोड चित्र रंगवू नका. जुलैमध्ये भर दुपारी मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. लिदीचा वास येतो, आणि उन्हात तो चांगलाच येतो. झाडणारे दिवसभर मागे मागे फिरत असतात तरी येतो. फज नावाच्या मिठाईच्या दुकानांपुढे रांगा, आत संगमरवरी टेबलावर ओतलेला तो गोळा लांब पट्टीने उलटा-सुलटा करत असतात, आणि भाव असे की आपण मुकाट्याने वास घेऊन पुढे जावं. १८८७ सालच्या त्या प्रसिद्ध ग्रँड हॉटेलच्या ६६० फुटी व्हरांड्यावर नुसतं फिरायचं तरी बाहेरच्या माणसाला पैसे पडतात. आम्ही तिथे राहत नाही. आम्ही मागच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात राहतो आणि तिथेही दर सकाळी चहावरून भांडतो. शांतता हवी असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. एका दिवसासाठी आलेली माणसं बोटींनी परत गेली की मग टापांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात.

वन्संनी मात्र हे विचारलेलं नाही, हे मला कळतं.

अप्पा एकदा तिथे आले होते. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इकडे आले त्या वर्षी. अप्पा पिंपरीला टेल्कोच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. बोटीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "हे तर माथेरान! दस्तुरीला गाडी सोडायची ती इथे बोटीअलीकडे सोडली." मग सामानाच्या घोडागाडीपाशी थांबले ते हलेनात. कमरेवर हात ठेवून वाकले, चाकं बघितली, कणा बघितला आणि मुलाला म्हणाले, "ब्रेक कसा लागतो विचार तिला." घोडे हाकणारी मुलगी कॉलेजातली होती. आयुष्य ब्रेकमध्ये घालवलेला माझा नवरा लाजेने लाल झाला. अप्पांनी शेवटी स्वतःच खुणेने विचारलं. तिनेही पाय दाबून दाखवलं. दोघं बराच वेळ काहीतरी बोलले, कुठल्या भाषेत ते देव जाणे. नंतरही फोनवर अप्पा आमची चौकशी करायच्या आधी घोड्यांची करायचे. हिवाळ्यात बहुतेक घोडे बोटीने मुख्य जमिनीवर नेऊन ठेवतात हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं.

आता ते वर्ष. बुधवारी धाकट्या दिराचा फोन आला. अप्पांना दम लागत होता म्हणून ॲडमिट केलंय, डॉक्टर म्हणाले दोन दिवस ठेवू, काळजीचं कारण नाही, तुम्ही ठरल्याप्रमाणे जाऊन या. "तुम्ही जाऊन या" हे शब्द त्याचे आहेत. मी हे आठवून लिहितेय, सोयीचं करून नाही. गुरुवारी अप्पा स्वतः फोनवर बोलले. शुक्रवारी आम्ही निघालो. शनिवारी रात्री बाराच्या आत-बाहेर फोन वाजला. पुण्यात रविवारची सकाळ होती, साडेनऊच्या सुमाराची. अप्पा गेले होते.

शेवटची बोट कधीच सुटून गेली होती. ते आठवलं आणि मी बेटालाच शिव्या घालायला लागले. मेलं कसलं गाव, एक गाडी नाही, एक रस्ता नाही, माणसाने जायचं कुठून! नवरा खाटेवर बसून होता. म्हणाला, "गाडी असती तर कुठे गेलो असतो?"

मग दिराचा दुसरा फोन. पाऊस लागलाय, नातेवाईक जमलेत, आईला किती वेळ बसवायचं, तू सांग, थांबायचं का? नवऱ्याने हॉटेलच्या चिटोऱ्यावर हिशेब मांडला. सकाळची पहिली बोट, मॅकिनॉ सिटीहून घर, पासपोर्ट, रविवार संध्याकाळचं विमान, मुंबई सोमवारी रात्री उशिरा, पुणं मंगळवारी पहाटे. तो कागद त्याने माझ्यापुढे धरला, जणू मी त्यात काही चूक काढणार होते. मी काढली नाही. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "थांबू नका. अग्नी तू दे."

इथे मला एक सांगायचंय, आणि ते वन्संनी दोनदा वाचावं. तो हिशेब नंतर मी कितीदा तरी केला. आम्ही घरी असतो तरी विमान तेच मिळालं असतं. रविवार संध्याकाळचंच. बेटामुळे आमचा एक तासही गेला नाही. "अप्पा गेले तेव्हा हे दोघं बेटावर मजा करत होते" असं कोण कुठे म्हणालं ते माझ्यापर्यंत पोचलंय. मजा करत होतो, हो. शनिवारी दुपारी आम्ही सायकलवर होतो आणि अप्पा पुण्यात झोपलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडणार म्हणून सगळ्यांना माहीत होतं.

घरी असतो तर त्या रात्री काय झालं असतं हे मात्र मला पक्कं माहीत आहे. काही बिनसलं की हा गाडीची किल्ली उचलतो आणि तासभर कुठेतरी चालवून येतो. मी घरी वाट बघते. आल्यावर जेवतो आणि झोपतो. लग्नापासून हेच. त्या रात्री किल्ली मॅकिनॉ सिटीच्या पार्किंगमधल्या गाडीची होती, तिचा उपयोग शून्य. आम्ही बाहेर पडलो आणि त्याच महामार्गावर चालायला लागलो. हा बोलायला लागला. अप्पा याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, दांडीला जुना टॉवेल गुंडाळलेला असायचा. अमेरिकेला निघाला तेव्हा अप्पा विमानतळावर आलेच नाहीत, कामावर गेले, ते याला इतकी वर्षं लागून राहिलं होतं. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा सलग दोन तास बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

साडेतीनच्या सुमाराला वैकुंठ स्मशानभूमीतून व्हिडिओ कॉल आला. पुतण्याने फोन धरला होता. तो तरी किती लहान, हात थरथरत होता. कधी छत्री दिसायची, कधी ओल्या चपला, कधी कुणाची पाठ. आम्हाला हॉटेलच्या पायरीवरच काय ते नेटवर्क मिळत होतं, तिथे बसलो. विद्युतदाहिनीचं दार उघडलं आणि चित्र अडकलं. आवाज येत होता, चित्र नाही. नवरा विचारत राहिला, "झालं का? अरे, झालं का?" चित्र सुटलं तेव्हा दार बंद होतं.

उजाडायला लागल्यावर हा म्हणाला, आंघोळ करायला हवी. मी म्हटलं, खोलीत गरम पाणी आहे. त्याने ऐकलं नाही. किनाऱ्यावर गेला आणि अंगातल्या कपड्यांनिशी सरोवरात उतरला. ह्युरॉनचं पाणी भर जुलैतही हाडं गोठवतं, त्यातून पहाट. रस्त्याने एक म्हातारबुवा सायकलवरून चालले होते, त्यांनी थांबून विचारलं, "गार आहे का?" हा छातीइतक्या पाण्यातून म्हणाला, "हो." त्यांनी अंगठा वर करून शाबासकी दिली आणि घंटी वाजवत गेले. मी त्या क्षणी हसले. सांगायची लाज वाटते, पण हसले, आणि तोही हसला, आणि मग त्याला रडू आलं ते बोटीपर्यंत थांबलं नाही. धक्क्यावर आमच्या बॅगा सायकलवर रचून आणणाऱ्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे "मजा आली ना? पुन्हा या," म्हणून निरोप दिला.

मी शपथ घेतली होती, पुन्हा यायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात यानेच बुकिंग केलं, मला न विचारता. आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुझ्या वडिलांचं असं झालं आणि तू सुट्टीला जातोस?" हे वाक्य माझं आहे. म्हणजे आज वन्सं जे विचारतात, ते मी त्यांच्या आधी विचारलंय, त्यांच्यापेक्षा वाईट आवाजात. तो म्हणाला, मला तिथे जायचंय. कारण दिलं नाही. गेलो. तिथे काहीही झालं नाही. तो पाण्यात उतरला नाही, हात जोडले नाहीत, अप्पांचं नावही काढलं नाही. सायकल चालवली, सामानाच्या घोडागाडीपाशी जरा जास्त वेळ थांबला, चहावरून भांडला. येताना मला वाटलं, उगीच आलो. त्याच्या पुढच्या वर्षी बुकिंग मी केलं.

का केलं, हे तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, त्याच्यासाठी. मला ते आता तितकंसं खरं वाटत नाही. मला तो बोलला होता ती रात्र हवी असते. ती परत मिळालेली नाही. एकाही वर्षी नाही. किल्ली पलीकडे राहिली म्हणून माणूस बोलतोच असं नसतं, ते मला कळून चुकलंय, तरी मी जूनपासून बोटीचं वेळापत्रक बघायला लागते. आणि छान वाटतं, हेही खरं आहे. गुडघे अजून साथ देतात, पराठे उन्हात मऊ झालेले असतात. दुःखासाठी जातो असं सांगितलं तर तुम्ही लगेच माफ कराल, म्हणून मुद्दाम सांगते, आम्ही मजेसाठीही जातो.

राहिला बुधवार. विमानाचा माझा सगळा हिशेब शनिवार रात्रीपासून सुरू होतो, हे वन्संच्या कधीच लक्षात आलं असणार. बुधवारी फोन आला तेव्हाच निघालो असतो तर शुक्रवारी पुण्यात असतो. भेट झाली असती. यावर माझ्याकडे "तुम्ही जाऊन या" म्हणालेला दीर आहे, दोन दिवस म्हणालेले डॉक्टर आहेत, गुरुवारी फोनवर घोड्यांची चौकशी करणारे अप्पा आहेत. एवढे साक्षीदार असून खटला काही माझ्या बाजूने सुटत नाही. विरुद्धही सुटत नाही. त्यापुढे मला सरकता आलेलं नाही आणि नवऱ्याला त्यावर बोलायचं नाही.

या जूनमध्ये वन्सं इकडे येतायत, महिनाभर. त्यांना बेटावर न्यायचं का, यावर आमचं अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो, नेऊ. मी म्हणते, आधी त्यांना विचार. तो म्हणतो, तूच विचार. वन्सं हे वाचतीलच, तेव्हा त्यांनी काय ते सरळ कळवावं, म्हणजे बुकिंग दोघांचं करायचं की तिघांचं ते मला कळेल.