अनुभवाचा दाखला आणि रजिस्टरमधला तो रकाना

एका ओळीसाठी मी सात आठवडे हेलपाटे घातले. ओळ एवढीच: 'यांनी आमच्याकडे प्रसूतिकक्षात काम केले असून स्वतः प्रसूती केल्या आहेत.' ज्या ठिकाणी मी नऊ वर्षं हेच काम केलं, त्याच ठिकाणाहून हे लिहून मिळायला सात आठवडे लागले. ज्या मिडवाइफच्या, म्हणजे प्रशिक्षित सुईणीच्या, कोर्सच्या अर्जासाठी ती ओळ हवी होती, त्याचं प्रशिक्षण सुरू होऊन आता चार महिने झाले, तरी ती चीड गेलेली नाही. बडोद्यातल्या किंवा आणखी कुठल्या आपल्या नर्स मैत्रिणी या वाटेला जाणार असतील तर त्यांनी माझ्यासारखं अडकू नये, म्हणून लिहितेय.

कोर्सचं नाव नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातून हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या, नोंदणी असलेल्या आणि बाळंतपणं केलेल्या नर्ससाठी तो आहे. सगळं सुरळीत असलेलं गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरची काळजी मिडवाइफने आपल्या जबाबदारीवर सांभाळायची आणि गुंतागुंत दिसली की वेळ न घालवता डॉक्टरांकडे सोपवायचं, असा त्यामागचा विचार.

फॉर्म, फोटो, मार्कशीट हे एका दुपारी आटोपलं. अनुभवाचा दाखलाही आठवड्याभरात हातात आला होता. त्यात लिहिलं होतं, 'स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक समाधानकारक.' कागद तपासणाऱ्या बाईंनी तो परत केला. म्हणाल्या, "यावरून तुम्ही ओपीडीत होतात की लेबर रूममध्ये, कसं कळणार?" त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, उद्याच बदलून आणते.

नर्सिंग होमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "काले आवजो, बेन." म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. मग नवरात्र आली. खिडकीसमोरच्या लाकडी बाकावर मी ड्यूटी संपवून बसायची, दांडिया बाजारातून दोनदा रिक्षा बदलून आलेली, आणि आत माझा अर्ज चहाच्या बशीखाली दाबून ठेवलेला मला बाहेरून दिसायचा. तिसऱ्या आठवड्यात बशीचा गोल डाग त्यावर उमटला होता. नवा अर्ज लिहून दिला. या वेळी पोच घेतली, तारीख आणि शिक्क्यासह. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या. पोच हातात आल्यावर त्या खिडकीतला आवाज बदलला.

खरी अडचण चौथ्या आठवड्यात कळली. क्लार्कने प्रसूतीचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. प्रसूती कोणी केली, असा तो रकाना. वरपासून खालपर्यंत डॉक्टरांचं नाव. "तुमचं नाव कुठेच नाही, मी कसं लिहून देऊ?"

मी ३१ जुलै २०१९ चं पान काढायला सांगितलं. ती रात्र बडोद्यात कोण विसरेल? दिवसभर आभाळ फाटल्यासारखा कोसळत होता, रस्त्यांवर कमरेएवढं पाणी होतं. डॉक्टर घरून निघूच शकल्या नाहीत. पहिलटकरीण होती. इन्व्हर्टरवरचा एक दिवा, कानाला लावून ठेवलेला फोन, बाजूला आयाबाई. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मी मोजले, कळा मोजल्या. डोकं बाहेर आलं तेव्हा तिला सांगितलं की आता जोर नको, नुसता श्वास सोड. बाळ रडलं, आईच्या छातीवर ठेवलं, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन दिलं, नाळेतले ठोके थांबेपर्यंत थांबून मग ती कापली. वार पूर्ण पडली का हे उजेडाकडे धरून दोनदा पाहिलं. मग गर्भाशय हाताला चेंडूसारखं घट्ट लागेपर्यंत पोटावरून चोळत बसले. रक्तस्राव वाढला असता तर त्या पाण्यातून तिला कुठे नेणार, हाच विचार डोक्यात होता.

त्या पानावरही डॉक्टरांचंच नाव होतं.

मला रडू आलं, ते खिडकीपाशीच. क्लार्कवर राग नव्हता, त्याच्यासमोर जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता. पण गेली नऊ वर्षं ते रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोर भरलं जात होतं आणि मी एकदाही म्हटलं नव्हतं की इथे माझं नाव लिहा. आम्हा कुणालाच ते सुचलं नव्हतं.

घरी आले तर आजेसासूबाईंनी चेहरा बघून विचारलं. सांगितलं. त्यांची चारही बाळंतपणं वाड्यातल्या खोलीत झाली, सुईणीच्या हातून. त्या सुईणीचं नाव, तिचं गाव, तिच्या हातातली चांदीची कडी, सगळं त्यांना साठ वर्षांनंतर आठवतं. म्हणाल्या, "तिचं नाव कुठल्या वहीत नव्हतं गं, पण आम्हाला ठाऊक होतं." मला वाटलं, आता ते वहीतही असायला हवं.

वाट दाखवली आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टरांनी. त्या म्हणाल्या, रजिस्टर सोड, केसपेपर बघ. कळांची आणि ठोक्यांची नोंद, बाळंतपणाची टिपणं, त्याखाली सही कुणाची आहे? माझी होती. पण खासगी डॉक्टरांना भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं सांभाळण्याचा नियम आहे, त्यामुळे त्याआधीचे गठ्ठे काढून टाकलेले होते. पुराच्या रात्रीचा कागदही त्यातच गेला. उरलेल्या तीन वर्षांचे कागद इन्चार्ज सिस्टरांनी दोन रविवार बसून पाहिले आणि आकडा काढला. इथे एक सांगते: पेशंटच्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढू नका, कितीही चीड आली असली तरी. त्या बायकांची नावं, त्यांचे रिपोर्ट आपले नाहीत. मोजणी तिथल्याच माणसाकडून करून घ्या आणि फक्त आकडा मागा.

आकडा घेऊन मी ऑफिसात गेले नाही. रात्री ओपीडी संपल्यावर थेट डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कागद वाचला. म्हणाल्या, "हे तू करत होतीस ते मला माहीतच आहे, पण तिथे माझं नाव घालायची पद्धत पडून गेली." लेटरहेड काढलं, ओळ स्वतः लिहिली, खाली सही आणि नोंदणी क्रमांक. दहा मिनिटं लागली. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. जिना उतरताना माझे पाय थरथरत होते.

मधेच आठवलं म्हणून: नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत आधी बघून घ्या. आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर मार्कशीट, नोंदणी आणि आधार या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का तेही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, त्यामुळे घोळ दुप्पट होतो. माझं सरळ होतं, बरोबरच्या एकीला प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

प्रशिक्षणाबद्दल सविस्तर नंतर लिहीन, पण एक गोष्ट आत्ताच. इतकी वर्षं मी बाळ सुखरूप आलं, टाके नीट पडले की पुढच्या बाईकडे वळत होते. आता आम्हाला बाळंतिणीशी बोलायला बसवतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबर्ग स्केल म्हणून दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ मध्ये तयार झालेली. हसू येतं का, विनाकारण भीती वाटते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असं त्यात विचारतात. रावपुऱ्यात माहेरी आलेली एक मराठी मुलगी, बाराव्या दिवशीची. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "बाळ मस्त आहे." आई आळिवाची खीर आणायला आत गेली तशी ती हळूच म्हणाली, "बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही ताई. नुसती छताकडे बघत पडते." बाळ झोपू देत नाही म्हणून होणारं जागरण वेगळं आणि हे वेगळं. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, हे तसं वाटत नव्हतं. माझ्या वरिष्ठ बाईंना त्याच दिवशी सांगितलं आणि तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या आईला समजावलं की ही थेरं नाहीत, आजार आहे, आणि तो बरा होतो. घरी डिंकाचे लाडू होते, शेजारच्या गुजराती काकूंनी दिलेलं काटलुं, म्हणजे बाळंतिणीचं मसाल्याचं खाणं, होतं, शेक होता, मालीश होतं. तिला कसं वाटतंय हे मात्र बारा दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

प्रशिक्षणातल्या लॉगबुकात प्रत्येक प्रसूतीपुढे करणारीचं नाव लिहितात आणि शेजारी शिकवणाऱ्या बाईंची सही असते. पहिल्यांदा माझं नाव लिहिलं तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं, पण मी ते खोडलं नाही. ज्या अजून नोकरीत आहेत त्यांनी आजपासून एवढं करा: ड्यूटी संपताना आपण केलेल्या प्रसूतीची तारीख आणि रजिस्टरचा अनुक्रमांक, पेशंटचं नाव न घालता, एका वहीत टिपून इन्चार्जची सही घ्या.

आणि दाखल्याच्या दोन मूळ प्रती मागा. मी एकच घेतली, ती अर्जासोबत जमा झाली. दुसरीसाठी गेल्या मंगळवारी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले. अर्ज दिलाय, पोच घेतलीय.