सायटिका आणि अंथरुणावरची विश्रांती

सायटिकाचे निदान झाले की आमच्या सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो फळीवर सपाट झोपून राहण्याचा, आणि माझ्या मते माणसाची ताकद दुखण्यापेक्षा या सल्ल्यानेच लवकर जाते. कमरेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या पाच मज्जामुळांपासून बनलेली सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस; ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. मणक्यांमधली गादी सरकून एखाद्या मुळावर दाब आला, की बिघाड कमरेत असूनही कळ पोटरीत किंवा पावलात जाते. दुखणाऱ्या पायावर भार टाकणे आपण टाळतो, पोटरी आणि मांडी बारीक होऊ लागते, आणि मग जिना चढतानाही दम लागतो.

माझा त्रास चालण्यापेक्षा बसण्याने वाढत असे. पुण्याहून एसटीने परतताना टेंभुर्णी यायच्या आतच उजव्या पोटरीत मुंग्या येत, पण सकाळी उन्हाच्या आधी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने थोडे थोडे, मध्ये थांबत चाललो की पाय मोकळा होई. पुढे वाकून वजन उचलणे आणि सूर्यनमस्कार मात्र फिजिओथेरपिस्टने तात्पुरते बंद करायला लावले. कळ पावलातून वर सरकून कमरेपुरती उरली, तर कमर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण मानतात, हे त्यांच्याकडूनच समजले. बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतार पडतो. परंतु लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर नस बसवून देणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. उठताना त्या आधी एका कुशीला हात टेकतात, मग गुडघ्यावर येतात आणि भिंत धरून उभ्या राहतात. डाव्या पायातली चप्पल अलीकडे चालताना निसटते, म्हणून त्यांना मी तपासणीसाठी नेले. ‘दर अर्ध्या तासाने उठा’ असे डॉक्टरांनी सांगितले खरे, पण मजुरी हजार विड्यांवर मिळत असल्याने उठण्याचा प्रत्येक वेळ त्यांच्या कमाईतून जातो. शेवटी सुनेने पाने भिजवण्याचे व कापण्याचे काम स्वतःकडे घेतले, सूप टेबलावर आले, आणि अक्का आता पाठीला उशी लावून खुर्चीत बसतात.