मधल्या सिलिंडरचे आटे

गेल्या महिन्यात तीन सिलिंडरची एक पेट्रोल गाडी टोचन करून आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये आली. ती दुरुस्त होऊन गेली, पण ते काम अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

मालकांनी स्पार्क प्लग घरीच बदलले होते. इंजिन गरम असताना जुने प्लग काढले आणि नवे प्लग बोटांनी न फिरवता थेट लांब एक्स्टेन्शन लावून रॅचेटने आवळले. पहिला आणि तिसरा कसाबसा बसला. मधला तिरका शिरला. तो जड जातो म्हणून त्यांनी जोर वाढवला आणि पोलादी प्लगने अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, आटे खरवडून काढले. प्लग बोटांनी तीन-चार फेरे सहज गेल्याशिवाय पाना लावायचाच नाही, एवढे एकच पथ्य पाळले असते तर गाडीवर ही वेळ आली नसती.

त्याहून अधिक संताप मला त्यानंतरच्या गॅरेजचा आला, कारण तिथे प्लगला एपॉक्सी फासून तो त्या भोकात चिकटवला होता. प्लगची बरीचशी उष्णता वॉशर आणि आट्यांमधून हेडमध्ये उतरते, शिवाय ठिणगीचे अर्थिंगही त्याच मार्गाने होते. त्या जागी एपॉक्सी भरणाऱ्याला प्लग काय काम करतो हेच ठाऊक नसावे. चढाला लागताच फट् फट् आवाज सुरू झाला आणि प्लग सुटला. अशी कामे पाहूनच लोक घरी पाना हातात घेतात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

हेड उतरवायचे तर टायमिंग चेनपासून हेड गॅस्केटपर्यंत सगळे उघडावे लागणार होते. म्हणून मालकांशी बोलून जागेवरच बुश, म्हणजे आतून नवे आटे असलेली छोटी नळी, घालायचे ठरवले. तारेच्या कॉइलचा इन्सर्ट स्वस्त पडतो, परंतु पुढे प्लग काढताना त्याच्याबरोबर तो बाहेर येण्याची भीती असते, म्हणून मी कॉलर असलेला सलग पोलादी बुश निवडला. आटा 14 मिमी व्यासाचा, 1.25 मिमी पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधले अंतर). बुशची लांबी प्लगच्या आट्याइतकीच, 19 मिमी, कारण बुश ज्वलनकक्षात डोकावला तर तो तापून अवेळी पेट घडवू शकतो.

खरी कसोटी टॅप, म्हणजे आटे कापणारे हत्यार, सरळ नेण्याची होती. प्लगचे भोक खोल नळीच्या तळाशी असते, तिथे नजर पोहोचत नाही आणि काटकोन लावता येत नाही. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून मी त्या नळीत अचूक बसणारा पितळी गाईड करून घेतला आणि त्यातूनच भोक रुंद करणारा रीमर, कॉलरची बैठक कापणारा कटर व टॅप क्रमाने चालवले. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे तो चिकटून यावा म्हणून टॅपच्या खाचा ग्रीसने भरायच्या, अर्धा फेरा कापायचा, बाहेर काढून पुसायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचे, असे सावकाश चालले होते. शेवटी बारीक नळीने आत उरलेला कीस ओढून घेतला, कॅमेरा उतरवून पिस्टनचा माथा पाहिला आणि मगच बुश बसवला. नवा प्लग बोटांनी तळापर्यंत गेला. पिळाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने 25 न्यूटन-मीटरला आवळला, तेव्हा मालक शेजारी उभे राहून पाहत होते.

आता राहून राहून प्रश्न पडतो तो पहिल्या आणि तिसऱ्या भोकाचा. कॅमेऱ्यात तिथलेही वरचे आटे चेपलेले दिसले होते. चेसरने, म्हणजे चेपलेले आटे सरळ करणाऱ्या हत्याराने, साफ केल्यावर दोन्ही प्लगनी तेवढाच टॉर्क घेतला आणि तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनही (आतला दाब) जवळपास सारखे आले. मूळ धातू शाबूत असताना तो कापू नये, असे मी मानतो. तरीही गाईड आणि टॅप हाताशी असताना तिथेही बुश घालायला हवे होते का, याचा निवाडा माझ्याकडून अजून होत नाही. बिलावर मी दोन्ही भोकांची अवस्था लिहून दिली आहे, आणि पुढच्या वेळी प्लग बदलायचे असतील तेव्हा गाडी रात्रभर थंड ठेवून माझ्याकडे आणा, प्लग तुम्हीच काढा, मी शेजारी थांबतो, असे मालकांना सांगितले आहे.