आमच्या दिंडीतला विठोबा

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. आमची मागची. आमचे विणेकरी अण्णा अगदी मितभाषी. वीणा जमिनीवर टेकवायची नाही हा दंडक, म्हणून पाणी प्यायचं झालं तरी ती आधी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि मग बाजूला व्हायचं. दिवे घाटात पोरं पावसात फुगड्या घालत होती, पावली खेळत होती. अण्णा डोळे अर्धे मिटून आपल्या लयीत चढत राहिले. त्यांनी कुणाला थांबवलं नाही आणि त्यांनाही कुणी नाचायला ओढलं नाही.

स्वयंपाकाच्या ट्रकबरोबर मावशी पुढे जातात. आम्ही मुक्कामावर पोचेपर्यंत पिठलं रटरटत असतं, भाकऱ्यांची चळत लागलेली असते. हरिपाठ सुरू झाला तरी त्या चुलीपासून हलत नाहीत. भाकरी थापताना ओठ तेवढे हलतात. फलटणला मी म्हटलं, "मावशी, या की हरिपाठाला." तर म्हणाल्या, "एवढी माउली उपाशी यायची, आन् मी टाळ घिऊन कुटं बसू?" संत सावता माळी अरण गावातला आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असं आपण मानतो. मावशींना बघितलं की ते पटतं.

माझा जीव मात्र तात्यांपाशी अडकतो. तरणा मुलगा गेल्यापासून ते विठोबाशी भांडतात. भर रस्त्यात, मोठ्यानं, "का रं, माझंच घर दिसलं व्हय तुला?" कुणी त्यांना गप्प करत नाही. जवळचा माणूस टाळ थोडा हळू वाजवतो, इतकंच. नामदेवांनी, तुकोबांनी देवाला काय कमी सुनावलंय? मुक्कामावरच्या समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. सोहळ्याच्या शिस्तीतच तक्रारीला अशी जागा आहे. तात्या दरवर्षी येतात ते याच बळावर, असं मला वाटतं. गाऱ्हाणं आहे म्हणजे नातं तुटलेलं नाही.

मला स्वतःला चारचौघांत मोठ्यानं नाम घेताना अवघडायला होतं. तुळशीवाल्या बायांच्या मागे राहून मी मनातल्या मनात घेते. इतक्या गजरात ते जास्तच नीट जमतं.

पंढरपुरात तात्या पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहिले. समोर जाऊनच विचारायचं होतं त्यांना. मी मुखदर्शन घेतलं. मावशींनी द्वादशीला सगळ्यांचं पारणं उरकलं, पराती घासल्या, कळसाला हात जोडले आणि एसटी धरली. गावाकडे पाऊस झाला होता, पेरणी खोळंबली होती.