पर्याय झाकून

"मावशी, यात उत्तर समोरच लिहिलेलं असतं की!" माझा रोजचा स्पॅनिशचा सराव बघत भाची म्हणाली आणि स्क्रीनवरचे चारही पर्याय तिने हाताने झाकले.

प्रश्न साधा. 'आब्लार', म्हणजे बोलणे, याचं 'आम्ही'साठीचं रूप. पर्याय दिसत असते तर झटकन ओळखलं असतं. आता अख्खी रांग म्हणावी लागली: आब्लो, आब्लास, आब्ला... आब्लामोस!

(गंमत म्हणजे हेच रूप वर्तमानातही चालतं आणि साध्या भूतकाळातही. काळ संदर्भावरून ओळखायचा.)

ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. पर्यायांचा सराव पहिलंच जास्त करून घेतो. समोरचा माणूस बोलायला लागला की कुठले पर्याय?

उद्यापासून आधी मोठ्याने उत्तर, मग स्क्रीन. तुम्ही क्रियापदं कशी घोकता, लिहून की स्वतःशीच बडबडून?