आशाताई, तुमचा पगार किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बँकेत फॉर्म भरताना साहेब विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या वहिनी विचारतात, सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला धरणं धरलं की येणारे-जाणारे गाडी थांबवून विचारतात, "ताई, तुम्हाला पगार किती पडतो?" बोलणं थोडं वाढलं की दुसरा प्रश्न येतोच. "हे तर पुण्याचं काम, मग संप कशाला करता?"

आम्हाला पगार नाही. मिळतो तो मोबदला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचं ठरलं. ती त्याच गावात राहणारी बाई, आणि कागदावर स्वयंसेविका. म्हणजे मी स्वखुशीनं काम करते आणि झालेल्या कामाचे सुटे सुटे पैसे घेते, असा सरकारी हिशेब. बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे डोस पूर्ण झाले की १०० रुपये. दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत घरी सहा भेटी, त्याचे सगळे मिळून २५०. याद्या, नोंदवह्या, बैठका अशा ठरावीक कामांचे केंद्राकडून महिन्याला १ हजार यायचे, ते ऑक्टोबर २०१८ पासून २ हजार झाले, आणि २०२५ मध्ये केंद्रानं साडेतीन हजार करायचं ठरवलं. राज्याचं त्याच्यावर वेगळं. सगळं जमून किती, ते दर महिन्याला निराळं असतं आणि कधी येईल तेही निराळं.

हा हिशेब मला नवा नव्हता. माझी आई विडी कामगार. मांडीवर सूप घ्यायचं, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, बोटांनी दाबून बघायचा आणि छाट म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. मी आईचा पदर धरून रांगेत उभी असायची आणि त्या माणसाच्या बोटांकडे बघत राहायची. एवढ्यात थांब, अजून टाकू नको, असं मनात म्हणायची.

आता महिनाअखेरीला मी माझा फॉर्म घेऊन जाते तेव्हा तीच रांग आठवते. तिथंही छाट आहे. बाळंतीण पंधराव्या दिवशी माहेरी गेली, पुढच्या भेटी राहिल्या, छाट. जन्माची नोंद झाली नाही, छाट.

एक सांगायलाच हवं. नवजात बाळाच्या त्या २५० रुपयांना ज्या अटी आहेत, त्यातली एक अशी आहे की ४२व्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप असली पाहिजेत. माझ्या गावात एक बाळ झालं, वजन दोन किलोच्या आत. तिसऱ्या दिवशी गेले, झोळीच्या काट्यावर तोललं, काखेत थर्मामीटर लावलं, कपडा बाजूला करून छाती वर-खाली होते ती घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजली. साठच्या वर श्वास गेले तर तिथून उठून दवाखाना गाठायचा, हे आम्हाला पक्कं शिकवलेलं असतं. सातव्या दिवशी बाळ बरं होतं. चौदाव्या दिवशी दूध नीट ओढत होतं, आजी हसत होती. सतराव्या दिवशी रात्री फोन आला, श्वास एकोणसत्तर. गाडी मिळवली, बरोबर गेले, पोहोचवलं. विसाव्या दिवशी ते गेलं. महिनाअखेरीला फॉर्मवरची ती ओळ कोरी राहिली. मला त्या २५० रुपयांचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. पण मी ज्या तीन भेटी दिल्या आणि जी रात्र जागले, ती कुठल्याच कागदावर झाली नाही, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही.

आई घरी बसून विड्या वळायची, तरी १९६६च्या विडी कामगार कायद्यानं घरखात्यातल्या बाईलाही कामगार मानलं होतं. तिला ओळखपत्र होतं, पीएफ कापला जायचा. हे कुणी सहज दिलं नव्हतं. गिरण्यांच्या काळापासून सोलापुरात लाल बावट्याखाली माणसं भांडत आली. आम्ही राहतो ते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं घरसुद्धा विडी कामगारांच्या लढ्यातून आलेलं, दहा हजार घरांमधलं एक. विडी वळणारी कामगार, आणि तिची मुलगी दहा-पंधरा रजिस्टरं सांभाळणारी, करोनात दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरलेली, ती स्वयंसेविका! मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, गावात पेढे वाटले. मला आनंद झाला, खोटं नाही बोलत. पण सन्मान आला तसा नेमणुकीचा कागदही यावा की.

म्हणून संप. जून २०२१ला आठवडाभर काम थांबवलं, तेव्हा राज्यानं महिन्याला हजार रुपये वाढ आणि करोनाचे पाचशे मान्य केले. १८ ऑक्टोबर २०२३ला पुन्हा बसलो. ७ हजार वाढीची घोषणा झाली, आम्ही विश्वासानं कामाला लागलो, दिवाळी गेली, संक्रांत आली, जीआर येईना. १२ जानेवारी २०२४ला पुन्हा संप. सोलापूरकराला ही तारीख सांगावी लागत नाही. १९३१ साली याच दिवशी आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले, आणि त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे होते. त्या दिवशी चार पुतळ्यांसमोरून जाताना मी नुसता हात जोडून पुढं गेले नाही, थोडी थांबले.

फेब्रुवारीत सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून आझाद मैदान गाठलं. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, चार दिवस पुरेल इतकी. विदर्भातल्या, कोकणातल्या बायका शेजारी झोपायच्या, सकाळी त्यांना सोलापूरची भाकरी मोडायला शिकवायची. मार्चमध्ये ५ हजार वाढीचा निर्णय झाला. सातावरून पाचावर आलो, पण जीआर हातात पडला.

गावातल्या बाळंतिणींचं काय, हे विचारता ते बरोबर आहे. संपात सर्व्हे केले नाहीत, ऑनलाइन माहिती भरली नाही. पण रात्री कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा मी गेले. जवळपास प्रत्येक आशा गेली असेल. आमच्या याच स्वभावावर सरकार वर्षानुवर्षं काम भागवून घेतंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागणी फार मोठी नाही. मे २०१३च्या भारतीय श्रम परिषदेनं सांगितलं होतं, योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं. आमचं अजून बाकी आहे.

आईला आता महिन्याला १ हजार पेन्शन येते. त्यात तिची औषधंही भागत नाहीत, ती वाढावी म्हणून तिच्या मैत्रिणी अजून मोर्चाला जातात. परवा तिनं मला विचारलं, "तुझं साठाव्या वर्षी काय गं?" माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या दिवशी संघटनेची वर्गणी भरली होती, ती पावती पर्समध्ये होती, तीच दिली. तिनं चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव."