आमची वाटचाल : विनाशिकेच्या पोटातले सुटे भाग

विनाशिका, म्हणजे नौदलाची डिस्ट्रॉयर युद्धनौका, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ब्राह्मोस आणि बराक-८ ही क्षेपणास्त्रं येतात. आमचा संबंध त्यांच्या कितीतरी खाली, पंपांच्या खोलीशी आणि इंजिनाच्या बैठकीशी. समुद्राच्या पाण्याच्या लाइनवरचे व्हॉल्व्हचे भाग, इम्पेलर (पंपात फिरून पाणी ढकलणारी चक्री), सील आणि यंत्रांखालचे रबर-धातूचे शॉक माउंट आम्ही बनवतो.

सुरुवात एका लेथवर व्हॉल्व्हच्या स्पिंडलने झाली. माप अचूक येणं म्हणजे काम झालं, ही समजूत पहिल्याच ऑर्डरीत गेली. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावून पोकळ होतं आणि ३०४ या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलला क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. म्हणून जहाजावर निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ लागतं, पाइप तांबं-निकेलचे लागतात. शिवाय शेजारचा भाग कोणत्या धातूचा आहे, तेही बघावं लागतं. ब्राँझला चिकटून साधं पोलाद राहिलं तर पोलाद आधी गंजतं. हे कळल्यापासून आम्ही ड्रॉइंग हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारतो: हा भाग इथे का आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर शॉक माउंटमध्ये मिळालं. सुरुंग जहाजाला न लागता पाण्याखाली जवळ फुटला, तरी त्याचा धक्का तळाच्या पत्र्यातून थेट यंत्रांपर्यंत जातो. तो मधल्या रबराने झेलायचा. त्याच रबराने यंत्राची थरथर तळापर्यंत पोहोचू द्यायची नाही, कारण ती पाण्यात उतरली की पाणबुडीच्या सोनारला ऐकू येते. मऊ रबर थरथर चांगली अडवतं, पण धक्क्यात जास्त हलतं आणि यंत्राला जोडलेले पाइप ताणले जातात. कडक केलं तर आवाज खाली जातो. हा तोल साधण्यासाठी कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. तेलाचा शिंतोडा येणाऱ्या जागी नैसर्गिक रबर फुगतं, तिथे निओप्रीन किंवा नायट्राइल हवं. आणि रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं, म्हणून प्रत्येक माउंटवर आम्ही क्युअरिंगची (रबर तापवून पक्कं केल्याची) तारीख ठळक टाकतो. डेपोत ती तारीखच आधी पाहिली जाते.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका चार गॅस टर्बाइनवर चालतात. ती टर्बाइन युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्तची. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि सुट्या भागांसाठी परदेशावर किती अवलंबून राहायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच टोचू लागला. टर्बाइनची पाती बनवणं आमच्यासारख्यांचं काम नाही. पण त्यांच्याभोवतीचे सील, लवचिक जोड आणि ब्रॅकेट का आणावेत बाहेरून? संरक्षण उत्पादन विभागाने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केलेल्या सृजन पोर्टलवर बाहेरून येणाऱ्या वस्तूंची यादी मिळते. आमची बरीचशी नवी कामं तिथूनच सुरू झाली.

कागदपत्रांचं सविस्तर लिहीत नाही. प्रत्येक ओतकामाचा हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला, तो क्रमांक), मटेरियल सर्टिफिकेट आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दाखवल्याशिवाय माल स्वीकारला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट मात्र नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगायलाच हवी. एका वर्गातली दोन जहाजंही आतून तंतोतंत सारखी नसतात. बांधणी चालू असताना पाइपची वाट बदलते, ड्रॉइंगची रिव्हिजन पुढे जाते. म्हणून आम्ही प्रत्येक भागाची नोंद जहाजानुसार ठेवतो. आयएनएस दिल्ली १९९७ पासून सेवेत आहे. अशा जहाजाच्या रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, लागणारा भाग कधी मूळ पुरवठादाराकडेही मिळत नाही. मग झिजलेला नमुना आमच्याकडे येतो आणि मूळ माप त्याच्या न झिजलेल्या कोपऱ्यांवरून काढावं लागतं. त्यासाठीच आम्ही जुने साचे मोडीत काढत नाही. जागा अडते, पण पुढच्या शेडमध्ये आधी त्यांचेच रॅक बसणार आहेत.